आण्णांची चाळण

हल्ली डोक्याला पट्टा बांधलेला म्हातारा मंडईत घासाघीस करताना दिसला तर कुणी वळून बघत नाही. उलट भाजीवालीच म्हणते, "आजोबा, तो पट्टा जरा आवळा बघू आधी, मग भावाचं बोलू." पण मी ह्या कामात पडले तेव्हा सांगली-मिरजेत असे पट्टे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. आणि त्यातल्या एकानं माझी अशी काही परीक्षा घेतली की अजून आठवलं तरी हसू येतं.

मी सारिका मगदूम. कुपवाडच्या एमआयडीसीत सबमर्सिबल पंपाच्या मोटारी करणाऱ्या कंपनीत वाइंडिंगला होते. तांब्याची तार स्टेटरच्या, म्हणजे मोटारीतल्या लोखंडी कड्याच्या, खाचेत अशी बसवायची की तिच्यावरचा वार्निशचा पापुद्रासुद्धा खरवडता कामा नये. पुढं मला फायनल इन्स्पेक्शनला घेतलं, आणि तिथं माझा दरारा होता. माझ्या टेबलावरून खराब मोटार पुढं गेली असं कधी झालं नाही, आणि चांगल्या मोटारीचं मी कौतुक केलं असंही कधी झालं नाही. चांगली असायलाच पाहिजे की! त्यात कौतुक कसलं?

मग कंपनीत आठ हातांचं यंत्र आलं. आमच्या अख्ख्या लाइनीचं काम ते एकटं करायचं, चहालासुद्धा न उठता. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "मगदूम बाई, तुम्हाला काढत नाही आम्ही. तुम्ही ह्याची देखभाल बघा." देखभाल म्हणजे काय, तर सकाळ-संध्याकाळ त्याच्या अंगावरची धूळ पुसायची. म्हणजे सवतीचे पाय चेपायचे! मी राजीनामा टाकला, साहेब 'जमलं नाही तर परत या' म्हणाले, आणि मी कामगारांना नवं काम शिकवायच्या योजनेत नाव घातलं. मिरजेच्या वाणीकेंद्रात जागा होती. काम कुठलं, तर लकव्यानं वाचा गेलेल्या माणसांना बोलतं करायचं.

आमचे हे, भरत मगदूम, शाळेची व्हॅन चालवतात. ऐकून पोट धरधरून हसले. "तू? लोकांना आधार देणार? अगं, परवा मला ताप होता तर तू म्हणालीस, पडायचं असेल तर कडेला पडा, झाडून घ्यायचंय."

"मग? झाडायचं नव्हतं व्हय?" मी म्हटलं.

पण ह्यांचं अगदीच चूक नव्हतं. केंद्रातल्या नेर्लेकर मॅडम आम्हाला शिकवायच्या, "समोरच्याच्या भावना आधी स्वीकारा. मग बोला." सरावासाठी एका मुलीनं माझ्यासमोर डोळ्यांत पाणी आणून म्हटलं, "माझे वडील आता मला ओळखत नाहीत हो." मी लगेच विचारलं, "कधीपासून? आधी काय बंद पडलं?" मॅडमनी कपाळाला हात लावला. "सारिका, ते वडील आहेत. पंप नाही."

एकदा तर हद्द झाली. एका आजींच्या डोक्यावर पट्टा झकास बसला, तशी मी जुन्या सवयीनं मार्कर काढून त्यांच्या कपाळावर बरोबरची खूण केली. ओके पीस. आजींना वाटलं गंध लावलं. त्यांनी डोळे मिटून मला नमस्कार केला. मॅडम खिडकीतून बघत होत्या. त्या दिवशी मला वाटलं, संपलं, आता जाऊन यंत्र पुसायचं.

आता ह्या पट्ट्याचं शास्त्र सांगते, मला जेवढं उमगलं तेवढं. शब्द मेंदूत एका जागी तयार होतो. दुसऱ्या जागेवरून जीभ, ओठ, घसा ह्यांना हुकूम सुटतो. लकव्यात बऱ्याचदा ह्या दोहोंमधली वाट तुटते. म्हणजे स्वयंपाक झालेला असतो, पण पंगतीला वाढायला कुणी नसतं. पट्ट्याच्या आतल्या बाजूला केसाएवढे बारीक संवेदक असतात. शब्द तयार होताना डोक्यात विजेचे जे बारीक तरंग उठतात ते हे टिपतात, यंत्र त्यांचा शब्द लावतं आणि त्या माणसाच्याच जुन्या आवाजात बोलून दाखवतं. पण प्रत्येकाचं डोकं निराळं. एकाचा 'पाणी'चा तरंग दुसऱ्याच्या 'चप्पल'सारखा असू शकतो. म्हणून एका माणसानं रोज समोर बसून, चित्रं दाखवत, गप्पा मारत यंत्राला ते डोकं शिकवावं लागतं. तो वाणीसोबती.

एवढं करूनही तरंग पुसटच. निम्मा अंदाज. म्हणून यंत्राला त्या माणसाच्या जुन्या बोलण्याचा नमुना देतात. यंत्र प्रत्येक अंदाज नमुन्याशी ताडून बघतं. किती जुळलं म्हणजे बाहेर सोडायचं, हे ठरवायला हातात मावणाऱ्या डबीवर एक चक्री असते. तिला आम्ही चाळण म्हणायचो. आवळली की नमुन्याशी तंतोतंत जुळतं तेवढंच बाहेर येतं. सोडली की मनात आलेलं सगळं येतं. आवळत पार टोकाला नेली की काहीच येत नाही, यंत्र गप्प.

आणि एक गोष्ट हे यंत्र काढणाऱ्यांच्याही उशिरा ध्यानात आली. तुमच्या-माझ्या मनात आणि ओठांत एक पहारेकरी बसलेला असतो. मनात आलेल्यातलं निम्मं आपण तिथंच गिळतो, म्हणून तर संसार चालतात. पट्टा शब्द पकडतो तो ह्या पहारेकऱ्याच्या आधी.

मला उमेदवारीसाठी सांगलीत विश्रामबागेतलं बिरनाळ्यांचं घर मिळालं. शेवटी मॅडम घरी येणार, पेशंटला प्रश्न विचारणार, त्यानं उत्तरं द्यायची आणि घरच्यांनी 'समाधानी' म्हणून सही करायची. सही मिळाली तर परवाना. योजनेत संधी एकच. नाही मिळाली तर साहेबांचं यंत्र होतंच धूळ खात माझी वाट बघत.

आण्णा म्हणजे रावसाहेब बिरनाळे. मार्केट यार्डात हळदीचे सौदे काढण्यात, म्हणजे लिलाव पुकारण्यात, उभा जन्म गेलेला. त्यांच्या हाळीनं पलीकडच्या गल्लीत पोत्यावर झोपलेला हमाल दचकून उठायचा म्हणे. दोन वर्षांपूर्वी लकव्याचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. समजायचं सगळं, पण जमायचं फक्त मान हलवायला. तीसुद्धा वर-खाली. त्यात झटक्यानं तोंडाची एक बाजू किंचित वर ओढली गेलेली, त्यामुळं चेहऱ्यावर कायम मंद हसू.

झालं! अख्ख्या कॉलनीनं ठरवलं की आण्णांचं चित्त शांत झालंय, ते देवमाणूस झालेत. लोक दर्शनाला यायला लागले. "आण्णा, पोराचं लग्न धरू का यंदा?" मान हलली. "आण्णा, वरचा मजला चढवू का?" मान हलली. अगदी नंदीबैल करून ठेवला होता माणसाचा. घरचेही मागे नव्हते. मुलगा सम्मेद, त्यानं विचारलं, "आण्णा, तुमची स्कूटर भंगारात देऊ?" मान हलली. सून ऋतुजा, तिनं विचारलं, "आण्णा, चहा सोडून गुळवेलीचा काढा घ्याल ना?" मान हलली. बैठकीत आण्णांचा मोठा फोटो होता, त्याला चंदनाचा हार. मी म्हटलं, "अहो, हे जिवंत आहेत!" सम्मेद म्हणाला, "आदर म्हणून घातलाय, ताई."

आण्णांची बायको, शालनकाकू, तेवढी शांत बाई. आण्णांच्या शेजारी बसून भाजी निवडायची, हळू आवाजात त्यांच्याशी काहीबाही बोलत राहायची. माणूस ऐकतोय की नाही ह्याची तिला फिकीर दिसायची नाही.

आता माझी चूक ऐका. कंपनीत आमच्याकडं 'मास्टर पीस' असायचा. गिऱ्हाइकानं पसंत करून सही केलेली मोटार. काचेच्या कपाटात ठेवलेली. तयार झालेली प्रत्येक मोटार तिच्याशी ताडायची, जुळली तर ओके, नाही तर रिजेक्ट. मोटार कितीही चांगली फिरू दे, मास्टरशी जुळत नाही ना, मग भंगार! तेच डोक्यात घेऊन मी घरच्यांना म्हटलं, "तुमच्या आण्णांचा मास्टर पीस द्या मला." सम्मेदनं तीन रेकॉर्डिंगं काढून दिली. पंच्याहत्तरीचा सत्कार, यार्डातला निरोप समारंभ आणि कॉलनीच्या बागेचं उद्घाटन. मी विचारलं, "हेच ना तुमचे आण्णा?" सगळे एका सुरात म्हणाले, हेच. मी तो नमुना भरला, चाळण आवळली आणि खूश झाले.

पहिल्यांदा यंत्र बोलतं करायचं त्या दिवशी सगळी कॉलनी जमली. पेढे आणलेले. आण्णांनी घसा ताणला, डोळे फिरवले, आणि यंत्रातून खणखणीत आवाज आला, "व्यासपीठावरील सर्व मान्यवर आणि माझ्या बंधू-भगिनींनो!"

काकू रडायला लागल्या. सम्मेदनं वडिलांचे पाय धरले. मला वाटलं, जिंकलं.

त्यानंतर घरात नुसता सोहळा. ऋतुजानं काढा पुढं केला की यंत्र म्हणायचं, "आपण माझा जो सत्कार केलात त्याबद्दल मी आपला शतशः ऋणी आहे." ती बिचारी वाटी भरून अजून आणायची. मी चित्रं दाखवायला बसले की, "आपला अधिक वेळ न घेता मी माझे दोन शब्द संपवतो." एका दुपारी आण्णा डाव्या हातानं खुर्चीचा दांडा बडवायला लागले, तोंड लालबुंद. यंत्र म्हणालं, "ह्या बागेचं उद्घाटन झाल्याचं मी जाहीर करतो." आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि उद्घाटन झालंच. गादी बदलावी लागली.

चादर धूत असताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इन्स्पेक्शनच्या टेबलावर सलग आठवडाभर एकही नग रिजेक्ट होत नसेल, तर माल चांगला आहे असं शहाणा माणूस समजत नाही. मापच बिघडलंय असं समजतो. मी आण्णांकडं नीट बघितलं. तोंड साधूचं, पण डोळे? डोळे मला कच्चं खाऊ का भाजून खाऊ असं विचारत होते.

घरातले वामकुक्षीला गेले तशी मी दार लोटलं आणि चक्री मागं फिरवून चाळण सगळी सोडली. "बोला आण्णा. काय बोलायचं ते."

पहिला शब्द मी इथं सांगत नाही. दुसराही नको. तिसऱ्यापासून सांगते. "...गाढवे! किती दिस झालं, माझ्या तोंडातनं भाषणं काढतीस! मला मुतायला जायचं हाय आन् तू बागंचं उद्घाटन करतीस व्हय गं? टाळ्या वाजिवतीस? आन् त्यो काढा. कडू जहर. दोन वर्सं. च्या दे. च्या. माझी स्कूटर. पाठ खाजवतीया. त्यो हार काढ फोटूचा, मेलो न्हाई मी अजून. च्या दे की बये!"

मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. दोन वर्षं हा माणूस आत बसून ओरडत होता, आणि बाहेर आम्ही त्याला हार घालत होतो. मी स्वतः जाऊन चहा टाकला. दोन चमचे साखर, आलं ठेचून. पहिल्या घोटाला यंत्र नुसतं "आहाहाहा" म्हणालं.

मला वाटलं, आता घरचे मला डोक्यावर घेऊन नाचतील. संध्याकाळी सम्मेद दुकानातून आला. आण्णा म्हणाले, "आला भंगारवाला. स्कूटर इकून आला. प्वाट बघा केवढं सुटलंय." ऋतुजाला म्हणाले, "त्यो काढा तूच पी आजपासनं." शेजारचे गृहस्थ पेढे घेऊन पोराच्या लग्नाचं विचारायला आले, तर त्यांना, "तुझ्या पोराला पोरगी कोण देतंय? धा वाजता उठतंय ते." दर्शन बंद झालं. पेढे बंद झाले. फोटोचा हार तेवढा मी काढून टाकला.

आणि काकू ताट घेऊन आल्या, तर, "आमटी अळणी. किती हळू चालतीस. ते लुगडं नको, लई म्हातारी दिसतीस त्यात." काकू ताट ठेवून आत गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी भाजी निवडायला त्या आण्णांच्या शेजारी आल्याच नाहीत.

मी तरी काय बाई! शहाणपणाचा कळसच. स्वयंपाकघरात गेले आणि म्हणाले, "काकू, बघितलंत ना? कसे खणखणीत बोलतात आता!"

काकू विळीवर कांदा चिरत होत्या. "बोलतात खरं," त्या म्हणाल्या. मग विळी बाजूला सारली. "सारिका, तू मनाची चांगली आहेस, म्हणून सांगते. ही दोन वर्षं मी सुखात होते गं."

मी तिथंच पाटावर बसले.

"लग्न झाल्यापासून ह्यांचं हे असंच. आमटी अळणी, नाहीतर खारट. अशी चालू नको, असं हसू नको. यार्डातला आवाज घरातसुद्धा. झटका आला तेव्हा मी रडरड रडले, खोटं नाही सांगत. पण मग एक दिवस लक्षात आलं, आज आमटीत मीठ मी माझ्या जिभेनं घातलंय. दुपारी मी ह्यांच्याजवळ बसायला लागले. बोलायला लागले. कधी कुणाजवळ बोलले नव्हते ते सगळं. आणि हे हसून मान हलवायचे. मला वाटायचं, एवढ्या वर्षांनी का होईना, ऐकतायत माझं." काकूंनी पदरानं डोळे पुसले. म्हणाल्या कांद्याचं आहे. "आता वाटतं, त्या हसण्याच्या मागं हेच चालू होतं की काय? आमटी, लुगडं आणि स्कूटर? मग मी दोन वर्षं बोलत होते ते कुणाशी?"

नेर्लेकर मॅडम म्हणायच्या ना, भावना आधी स्वीकारा, मग बोला. त्या दिवशी मी पहिल्यांदा न सांगता तसं केलं, कारण बोलण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतंच.

जाताना सम्मेदनं मला फाटकाशी थांबवलं. तो काही वाईट माणूस नव्हता. "ताई, परवा मॅडम येणार. तेव्हा ते सत्काराचंच ठेवा. आणि नंतर डबी आमच्याकडं द्या, आम्ही आवळून ठेवू. आईकडं बघवत नाही मला. असंच सुटं ठेवणार असाल तर सही होणार नाही, आत्ताच सांगतो."

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "मग आवळ की. सही घे आणि मोकळी हो."

"आणि आण्णा? परत गादीवर उद्घाटनं?"

"त्यांना विचारलंस, त्यांना काय पाहिजे?"

"कसं विचारू, तुम्हीच सांगा! आवळून विचारलं तर आभार मानतात. सोडून विचारलं तर शिव्या देतात."

हे व्हॅनची काच पुसत होते. फडकं झटकून म्हणाले, "ती चक्री असती कुणाच्या हातात?"

"आता माझ्या. परवाना मिळाला की घरच्यांच्या. नियमच आहे तसा."

"अजब नियम. व्हॅन मी चालवतो, तर ब्रेक माझ्या पायाखाली असतो का शाळेच्या हेडमास्तरांच्या?"

मी ह्यांच्याकडं बघतच राहिले. एवढ्या वर्षांच्या संसारात हा माणूस कामाचं बोलला! तसं तोंडावर म्हटलंसुद्धा. हे म्हणाले, "रोजच बोलतो, तू चाळण लावून ऐकतीस."

दुसऱ्या दिवशी मी ती डबी आण्णांच्या डाव्या तळहाताशी साडीच्या जुन्या काठानं बांधली. अंगठा बरोबर चक्रीवर येईल अशी. तार बांधण्यात निम्मं आयुष्य गेलंय माझं, गाठ काही सुटली नसती. "आण्णा, पुढं सारलं की आवळतं. मागं ओढलं की सुटतं. पार पुढं नेलं की गप्प. आजपासून तुमचं तोंड तुमच्याकडं."

आण्णांनी अंगठा पुढं सारला. "बंधू-भगिनींनो!" दचकून मागं ओढला. एक सणसणीत शिवी. मग हळूहळू मध्ये कुठंतरी आणला, आणि यंत्र शांतपणे म्हणालं, "पाणी दे पोरी." मी पाणी दिलं. ते प्यायले. मग परत म्हणाले, "पाणी दे पोरी." तहान नव्हती. आपल्याला हवं तेवढंच बोलता येतंय, ह्याचीच गंमत वाटत होती त्यांना.

परीक्षेच्या दिवशी नेर्लेकर मॅडम आल्या. सम्मेद, ऋतुजा, दाराच्या चौकटीला टेकून काकू. सम्मेदची नजर आण्णांच्या हाताकडं गेली. "ताई, हे काय? आपलं काय ठरलं होतं?"

मॅडमनीही चष्मा सारखा केला. "सारिका, नियमाप्रमाणं नियंत्रण कुटुंबाकडं असायला हवं."

"मॅडम, हे पण कुटुंबातलेच आहेत की," मी म्हटलं. आवाज मोठा काढला, पण डोळ्यांसमोर ते आठ हातांचं यंत्र आणि पुसायचं फडकं.

मॅडम खुर्चीत बसल्या. "बरं. नाव सांगा आपलं."

अंगठा हलला. "रावसाहेब बिरनाळे."

"काय काम करत होता?"

"हळदीचं सौदं काढत हुतो. यार्डात."

"आता कसं वाटतंय?"

"बरं हाय. पाठ दुखती."

ऋतुजानं सुटकेचा श्वास टाकला. सम्मेदच्या कपाळावरची आठी गेली. मॅडम कागदावर काही लिहायला लागल्या, आणि मला वाटलं, गंगेत घोडं न्हालं. तेवढ्यात काकू चौकट सोडून पुढं आल्या.

"मला एक विचारायचंय," त्या म्हणाल्या. आण्णांच्या समोर उभ्या राहिल्या. "दोन वर्षं मी तुमच्याशी बोलत होते. तुम्ही मान हलवत होतात. तेव्हा मनात काय होतं? मला बरं वाटावं म्हणून गोड सांगू नका. खरं सांगा."

खोलीत सगळ्यांची नजर त्या अंगठ्यावर. सम्मेद पुटपुटला, "आण्णा, आवळा. आवळा." मीसुद्धा मनात तेच म्हणत होते, लाज वाटते सांगायला. चार गोड शब्द, एक सही, सगळं सुरळीत.

आण्णांनी काकूंकडं बघितलं. आणि अंगठा मागं ओढला. पार मागं. टोकापर्यंत. मी डोळेच मिटले.

"पाठ दुखती," यंत्र सुरू झालं. "ह्या बाईचं अत्तर लई उग्र. सम्मेद उगंच उभा. च्या. स्कूटर. आमटी अळणी. शालन उभी हाय. गुडघं दुखत्यात तिचं. खुर्ची द्या की रं कोणतरी तिला. पाठ. शालन दुपारी बोलती. मामाच्या मळ्यातली हीर. धाकटी भन तापात गेली तिची, मला म्हाईतच न्हवतं. इतकी वर्सं. मी इचारलंच न्हाई कदी. शाळंत पयला नंबर आला हुता शालनचा. शाळा सोडून लगीन झालं. माझ्याशी. माशी बसली नाकावर. सांग अजून. थांबू नको शालन. दुपार झाली. न्हाई आली. कालबी न्हाई आली. आमटी अळणी असू दे. दुपार झाली, शालन का येईना..."

"अहो, पुरे!" काकू एकदम म्हणाल्या. तोंडावर पदर घेतला होता, पण हसत होत्या की रडत होत्या ते कळत नव्हतं. "ते सगळं लोकांच्या देखत नको. गप्प बसा बघू."

यंत्राचं वाक्य अर्ध्यावर तुटलं.

ऋतुजानं खुर्ची आणून दिली. काकूंनी ती आण्णांच्या शेजारी ओढली आणि बसल्या. आण्णांच्या चेहऱ्यावर तेच हसू होतं, लकव्यानं दिलेलं. पण डोळे आता कुणाला खात नव्हते.

मॅडमनी थोडा वेळ वाट बघितली. मग यंत्रावर टिचकी मारली. माझ्याकडं वळल्या. "सारिका, यंत्र बंद पडलं की काय? माझे प्रश्न राहिलेत अजून. पेशंट बोलला नाही तर मला नापास लिहावं लागेल."

मी आण्णांचा हात बघितला. चक्री पार पुढं, गप्पच्या टोकाला होती. "यंत्र चालू आहे मॅडम," मी म्हटलं. "ते गप्प बसलेत."

"गप्प बसलेत म्हणजे?"

"म्हणजे माझं ऐकलंय त्यांनी," शालनकाकू म्हणाल्या. "उभ्या संसारात पहिल्यांदा. आणा इकडं तो कागद. कुठं करायची सही?"